एक्स, वाय, झेड आणि आमचं बिऱ्हाड

सरकारच्या लेखी या देशात तीनच प्रकारची गावं आहेत: एक्स, वाय आणि झेड. लोकसंख्या पन्नास लाखांच्या वर असेल तर एक्स, पाच ते पन्नास लाख असेल तर वाय, आणि उरलेला सगळा मुलूख झेड. केंद्राच्या नोकरीतल्या माणसाचा घरभाडे भत्ता या एका अक्षरावर ठरतो. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, मूळ पगाराच्या २४, १६ आणि ८ टक्के असे दर होते. मध्ये एकदा ते थोडे वाढले, आणि महागाई भत्ता पन्नास टक्क्यांना टेकला तसे २०२४ च्या जानेवारीपासून ३०, २० आणि १० झाले. म्हणजे मूळ पगार ४०,००० असेल तर मुंबईत घरापायी १२,००० मिळणार, कोल्हापुरात ८,००० आणि कराडात ४,०००.

नोकरीच्या निमित्तानं मी या तिन्ही अक्षरांत संसार केलाय. आधी कराड, मग मुंबई (म्हणजे अर्थात डोंबिवली), मग पुणे आणि आता माहेरच्या गावी, कोल्हापुरात. मुंबईत होते तेव्हा इकडचे नातेवाईक विचारायचे, "तिथं कसं परवडतंय गं तुम्हाला?" आता तिकडच्या मैत्रिणी म्हणतात, "तुझी चैन आहे बाई, निम्मा पगार उरत असेल." दोन्ही वेळा मी नुसती हसले. कारण हिशेबाच्या वह्या समोर ठेवल्या तरी त्यातून सरळ उत्तर निघत नाही. घराचं भाडं सोडलं तर चारही गावांत आमचा महिना जवळपास सारख्याच रकमेला संपायचा. फक्त पैसे जायचे ती भोकं वेगळी.

गंमत म्हणजे सरकारचंही मत हेच आहे. महागाई भत्ता देशभर एकच. मुंबईतल्या कारकुनाला आणि गडहिंग्लजच्या कारकुनाला एकाच टक्क्यानं. श्रम ब्युरो ८८ केंद्रांमधून औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो, त्यावरून तो ठरतो. प्रवास भत्ता तेवढा मुंबई, पुणे, नागपूर धरून देशातल्या काही मोठ्या शहरांत जास्त, बहुतेक पायऱ्यांवर दुप्पट. बाकी फरक काय तो घराचा. डाळ, तेल, साबण, डॉक्टर, शाळेची वही, या सगळ्याला गावाच्या आकाराशी देणंघेणं नाही, असं सरकार दर महिन्याला पगारपत्रकावर लिहून देतं. (त्या निर्देशांकाबद्दल एक जाता जाता: त्यात सोलापूरचा आकडा मुंबईपेक्षा वर दिसला म्हणून सोलापूर महाग ठरत नाही. प्रत्येक केंद्राचं २०१६ साल शंभर धरलेलं असतं. तिथून भाव किती चढले तेवढं तो सांगतो, मुळात किती होते ते नाही. पेपरात दर वर्षी कुणीतरी हा घोळ घालतंच.)

मला हे आधी पटायचं नाही. मुंबईत सगळंच महाग, हे आपल्याकडे धरूनच चाललेलं असतं. पण डोंबिवलीत राहून हिशेब लिहायला लागले आणि एकेक रकाना उलटा पडू लागला. कंपनीच्या पुड्यावर छापील किंमत असते, ती कफ परेडला आणि चंदगडला एकच. गॅसचा सिलिंडर मुंबईत राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांपेक्षा स्वस्त, कारण गावोगावच्या दरात वाहतूक धरलेली असते. पेट्रोलचं तेच. राज्यात सर्वांत महाग पेट्रोल म्हणून बातमीत हटकून नाव येतं ते परभणीचं, कारण टँकर येतो मनमाडच्या डेपोहून. भाजी म्हणाल तर रात्री दादर स्टेशनबाहेर जी मेथी मिळायची ती आमच्या कराडच्या मंडईलाही कधीकधी लाजवायची. दूध तेवढं महाग. गोकुळचं म्हशीचं दूध कोल्हापुराहून निघून मुंबईला पोचेपर्यंत लिटरमागे काही रुपये चढतात. पण काहीच रुपये.

आणि प्रवास! विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, सेकंड क्लासचं तिकीट पंधरा रुपये. महिन्याचा पास दोन-तीनशेच्या घरात. बेस्टचं किमान भाडं कित्येक वर्षं पाच रुपये होतं, मे २०२५ मध्ये दहा झालं तेव्हा केवढी ओरड झाली. कोल्हापुरात स्टँडवरून आमच्या कॉलनीत यायला रिक्षावाले मामा मीटरकडे न बघता म्हणतात, "ऐंशी होतील बघा ताई." त्यांचंही चूक नाही. परतीचं गिऱ्हाईक मिळेल याची त्यांना खात्री नसते. मुंबईतला रिक्षावाला सव्वीस रुपयांत मीटर पाडतो कारण हा उतरला की दुसरा बसायला उभाच असतो. गर्दीचा एवढा एक फायदा आहे, पण तो फार मोठा आहे. गिऱ्हाईक तुटत नाही, म्हणून धंदा थोडक्या नफ्यावर चालतो, म्हणून वस्तू स्वस्त.

अमेरिकेत जेसी हँडबरी आणि डेव्हिड वाइनस्टाइन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दुकानांतल्या बारकोडच्या नोंदी घेऊन हेच तपासलं होतं. त्यांचा लेख २०१५ साली छापून आला. तोच पुडा, तशाच दुकानात, अशी तुलना केली तर मोठ्या शहरात किराणा महाग असल्याचं दिसेना. उलट तिथं किती तऱ्हेच्या वस्तू मिळतात हे हिशेबात धरलं तर मोठं शहर स्वस्त पडत होतं. आपल्याला मोठ्या शहरात महाग वाटतं त्याचं एक कारण असं की तिथं आपण वेगळ्या वस्तू, वेगळ्या दुकानांतून घेतो. डोंबिवलीच्या माझ्या शेजारीणबाईंना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, यात शोध कसला लावलात?

मुंबईनं मला आणखी एक गोष्ट शिकवली. तिथं काहीही थोडं थोडं मिळतं. दोन पोळ्या विकत मिळतात. पोळीभाजी केंद्रात अर्धी वाटी उसळ बांधून देतात. लेडीज डब्यात निवडलेली गवार, सोललेला लसूण, खोवलेला नारळ. झोपायला खोली नाही परवडत तर कॉट मिळते. कॉट नाही परवडत तर पाळीपाळीनं झोपायची सोय मिळते, आणि हे मी विनोदानं म्हणत नाही. छोट्या गावात मात्र सगळं अख्खं घ्यावं लागतं: अख्खं घर, अख्खी गाडी, अख्ख्या दिवसाची मोलकरीण, अख्खं पोतं. ज्याच्या हातात एकरकमी पैसे आहेत त्याला ते स्वस्त पडतं. ज्याच्याजवळ आजचे पन्नास रुपयेच आहेत, त्याला मुंबई बरी.

पोत्यावरून आठवलं. कोल्हापुरात आमच्या स्वयंपाकघराला लागून एक अंधारी खोली आहे. उन्हाळ्यात तिच्यात वर्षाची बेगमी होते. आजऱ्याहून चुलतसासऱ्यांकडून घनसाळ तांदळाचं पोतं येतं, सीझनला गुळाचे रवे, ज्वारी. एप्रिलमध्ये ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणून, देठं काढून, वाळवून डंकावर चटणी कुटून आणायची ती पुढच्या एप्रिलपर्यंत. या खोलीत वर्षाला आमचे किती पैसे वाचतात ते मी मांडून पाहिलं, तर बऱ्यापैकी आकडा आला. डोंबिवलीत हीच चटणी आम्ही पाव-पाव किलोनं घ्यायचो. भाव माहीत नव्हता म्हणून नव्हे. पोतं ठेवायचं कुठं? वन रूम किचनमध्ये पलंगाखाली आधीच बॅगा, गाद्या आणि मुलाची सायकल. जागा महाग असली की फक्त भाडं चढत नाही, ती तुमच्या डाळीतांदळातही शिरते. सरकारच्या बारा हजारांत हा खर्च कुठं धरलेला नाही.

तर मग गोष्ट येऊन थांबते जमिनीपाशी. मुंबई महाग म्हणजे मुंबईची जमीन महाग. तीन बाजूंनी पाणी, हे कारण सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण त्यावर माणसानंही बरंच रचलं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, तसं भाड्यानं देण्यासाठी नवी घरं बांधणं लोकांनी हळूहळू सोडून दिलं. कमाल नागरी जमीन धारणा कायदा १९७६ मध्ये आला, त्यानं मोकळी जमीन बाजारात येण्याऐवजी कोर्टात जाऊन बसली. राज्यानं तो मोडीत काढला २००७ मध्ये. मधल्या काळात गिरगावातल्या चाळीत पागडीवर राहणारा माणूस महिन्याला जेवढं भाडं देत होता, तेवढ्यात त्याच गल्लीत नव्यानं आलेल्याला एका वेळचं जेवणही धड मिळेना. एकच गल्ली, एकच भाजीवाला, एकच नळ, आणि एकासाठी शहर जवळपास फुकट तर दुसऱ्याला नरडीला आलेलं.

म्हणूनच शहराचा आकार सांगून खर्च सांगता येत नाही. आधी विचारावं लागतं, तुम्ही तिथं कधी आलात?

पण कायदे बाजूला ठेवले तरी जमिनीची एक खोड राहतेच, आणि ती मला पुण्यात फार जवळून दिसली. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि भोवतालचा परिसर मिळून लोकसंख्या पन्नास लाख पन्नास हजारांच्या आसपास भरली. रेषेच्या जेमतेम पलीकडे. त्या बळावर पुणे वायचं एक्स झालं. आदेश निघाला २०१५ मध्ये, लागू झाला १ एप्रिल २०१४ पासून. घरभाडे भत्ता, तेव्हाच्या जुन्या दरांनी, वीस टक्क्यांवरून तीस. ऑफिसात पेढे वाटले, थकबाकीचे बेत झाले. आमचे घरमालक जुने सदाशिवपेठी, मितभाषी गृहस्थ. सरकारी नोकरच भाडेकरू ठेवायचे, कारण बदली झाली की खोली आपसूक रिकामी होते. पुढच्या महिन्यात करार नवा करायला बसलो तर त्यांनी चष्मा पुसत एवढंच म्हटलं, "वहिनी, यंदा जरा जास्त धरू. बातमी मीही वाचली आहे." दहा टक्क्यांतले किती त्यांच्याकडे गेले ते सांगत नाही, पण पेढे आम्हीच वाटले होते.

त्यांचा मला राग आला नाही, खरंच. त्यांनी केलं ते कुठलीही जमीन करते. बस चांगली झाली, की बसथांब्याजवळची खोली महागते. कॉलेज निघालं की कॉलेजभोवती. लातूरचं उदाहरण घ्या. २०११ ला चार लाखांच्या आतलं, सरकारच्या लेखी झेड. पण क्लासच्या भागात बारावीची पोरं ज्या भाड्यानं राहतात ते ऐकून वायवाल्यांनी थक्क व्हावं. शिकवणीतून मिळायचा तो फायदा पोराला पुढं मिळेल तेव्हा मिळेल, घरमालकाला आजच मिळतो. मोठ्या शहरात नोकऱ्या जास्त, पगार जास्त, लोकल स्वस्त, भाजी स्वस्त, हे सगळं खरं. पण या सगळ्या चांगुलपणाची बेरीज करून कुणीतरी ती आधीच भाड्यात घालून ठेवलेली असते. त्यात नवीन असं काही नाही, रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी शेतजमिनीबद्दल हेच सांगितलं होतं. जी जमीन जास्त पिकते तिच्या पिकातला जास्तीचा वाटा कुळाकडे राहत नाही.

हे भाडं टाळायचं तर लांब जायचं. ठाण्याऐवजी डोंबिवली, डोंबिवलीऐवजी बदलापूर, तिकडे विरार. तिथं पैशांऐवजी वेळ द्यायचा. आणि कधी वेळाहूनही जास्त. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून माणसं खाली पडली आणि त्यांतली काही गेली. पंधरा रुपयांच्या तिकिटाबद्दल मी वर एवढं कौतुकानं लिहिलंय, तेव्हा हेही त्याच्या शेजारी लिहायला हवं.

पाण्याचंही असंच. मुंबईत घरगुती पाणी हजार लिटरला सहा रुपयांच्या आसपास पडतं. विहार, तुळशी सोडले तर बाकीचे तलाव शहराबाहेर, बहुतेक शहापूर तालुक्याच्या आसपास: तानसा, भातसा, मोडकसागर. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. लातुरात २०१६ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा तिथल्या घरात पाण्यावर महिन्याला काय जात असेल याचा हिशेब एकाही भत्त्यात नव्हता. लहान गाव स्वस्त असतं हे वाक्य लातूरकरांना ऐकवून बघा.

आमच्या आजोबांच्या पिढीला हे सगळं पुस्तक न वाचता ठाऊक होतं. गिरणीच्या पगारात मुंबईत अख्खं कुटुंब ठेवणं जमण्यातलं नाही, हे गृहीतच होतं. म्हणून संसाराचे दोन तुकडे करायचे. गडी मुंबईत, बायकापोरं घाटावर नाहीतर कोकणात. मुंबईत गाळा असायचा, गावाच्या नावानं चालणारी खोली, एकेका खोलीत वीस-तीस माणसं, ट्रंक भिंतीला आणि वळकटी ट्रंकेवर. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच जागी आडवे. गोव्याच्या गावांनीही आपल्या जहाजावरच्या लोकांसाठी धोबीतलाव भागात असेच कूड चालवले. जेवण खानावळवाल्या बाईकडं, महिन्याच्या बोलीवर. पुढं १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणगावाच्या गोष्टी सांगताना लोक गाळ्यातलं भजन सांगतात, नमन-खेळे सांगतात. मला त्यातली व्यवस्था जास्त नवलाची वाटते. कमवायचं मोठ्या शहराच्या दरानं, पोरं वाढवायची छोट्या गावाच्या दरानं, आणि मधला दुवा मनीऑर्डरचा. गिरणीमालकाला अर्ध्या पगारात पूर्ण कामगार मिळायचा, कारण उरलेला अर्धा पगार गावाकडची बाई शेतात राबून भरून काढायची. तिचा निर्देशांक कुणी काढला नाही.

हे संपलं असं मी समजत होते. मग माझ्या भाच्याची गोष्ट झाली. हिंजवडीच्या कंपनीत आहे. करोनाच्या काळात कोल्हापुरात घरी बसून पुण्याच्या पगारावर काम करायला लागला, आणि आमच्या ताईचा स्वर्ग दोन बोटं उरला. पोरगं डोळ्यांसमोर, पगार पुण्याचा, जेवण घरचं. नंतर कंपनीनं आठवड्यातले तीन दिवस हजर राहा म्हणून कळवलं. बायको इथं शिक्षिका, पोरगी बालवाडीत. त्यानं काय केलं असेल? चौघांत मिळून तिकडं एक फ्लॅट घेतला भाड्यानं. त्याला त्यात एक कॉट. सोमवारी पहाटे निघतो, बुधवारी रात्री परत. त्याच कॉटवर गुरुवारपासून दुसरा कुणी सोलापूरचा मुलगा झोपतो. ताई म्हणाली, "आपल्या आप्पांचाच गाळा की गं हा, फक्त लिफ्ट आहे."

आयकरवाल्यांचा नमुना वेगळाच. घरभाड्याच्या सवलतीसाठी त्यांनी वर्षानुवर्षं चारच महानगरं मानली, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. तिथं पगाराच्या पन्नास टक्क्यांपर्यंत, बाकी सगळीकडे चाळीस. तेव्हा एका खात्याच्या लेखी पुणे एक्स होतं, दुसऱ्याच्या लेखी कराडच्या पंक्तीला. पुणेकरांना याचा किती त्रास झाला असेल ते मी सांगायला नको.

बरं, कोल्हापूर. इथं भाडं नाही, घर स्वतःचं. आणि म्हणूनच इथं स्वस्ताई आहे असं म्हणताना माझी जीभ अडखळते. आमच्या ऑफिसात जळगावकडून बदलून आलेली एक मुलगी आहे. तिला इथं ना अंधारी खोली, ना आजऱ्याचे चुलतसासरे. ती चटणी पाव-पाव किलोनंच घेते. तिच्यासाठी कोल्हापूर म्हणजे पगार लहान गावाचा आणि पुडे डोंबिवलीचे. छोट्या गावाची स्वस्ताई पुष्कळदा वडिलोपार्जित असते. सातबारावर नाव असल्याशिवाय ती पूर्ण लागू होत नाही.

शिवाय इथं खर्चाचे असे रकाने आहेत जे मुंबईच्या वहीत मला कधी आखावेच लागले नाहीत. पहिला म्हणजे आहेर. मुंबईत वर्षाला चार लग्नं, ती पण हॉलवर तासभर, पाकीट देऊन आईस्क्रीम खाऊन परत. इथं मी कुणाची तरी मुलगी, कुणाची सून आणि कुणाची तरी वर्गमैत्रीण आहे. लग्न, बारसं, जावळ, वास्तुशांत, डोहाळजेवण, साठी, उत्तरकार्य. नुसतं पाकीट चालत नाही, साडी लागते, टॉवेल-टोपी लागते, आणि मागच्या वेळी त्यांनी आपल्याला काय दिलं होतं ते वहीत बघावं लागतं. अशी वही घरोघरी आहे. गावाची यात्रा आली की मटणाचं जेवण, आणि बोलावलेल्यांपेक्षा आलेले जास्त. मे महिन्यात आहेराचा आकडा किराण्याच्या पुढं जातो. हात आखडता घेतला तर दुसऱ्या दिवशी मंडईत कळतं. मोठ्या शहरात माणसाला कंजूष राहायची मुभा असते आणि ती मुभा पैशांत मोजली तर लहान नाही.

उलट बाजूही आहे, ती लपवत नाही. सासूबाईंच्या ऑपरेशनला तेवीस दिवस दवाखान्यात डबा गेला तो आमच्या घरातून एकदाही नाही. रात्री सोबतीला कोण, हे मला विचारावं लागलं नाही. मुंबईत यासाठी बाई ठेवावी लागली असती, आणि तिचा बारा तासांचा दर मला ठाऊक आहे. म्हणजे आहेर हा एक प्रकारचा हप्ता झाला म्हणायचा. फक्त या विम्याची पॉलिसी बंद करता येत नाही आणि कुणाचा दावा कधी येईल सांगता येत नाही.

दुसरा रकाना गाड्यांचा. केएमटीची बस आहे, पण तिच्या भरवशावर कुणी कामाला जात नाही. घरात माणशी एक दुचाकी. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग. मुंबईत आमच्याकडं एकही गाडी नव्हती आणि ती नसल्याचं कधी जाणवलं नाही. इन्व्हर्टर हा तिसरा. भारनियमनाच्या वर्षांत मुंबईला सांभाळून घेतलं जायचं, तेव्हा मुंबईच्या घरात इन्व्हर्टर कशाला म्हणतात हे पोरांना माहीत नव्हतं.

आणि चौथा, सगळ्यांत मोठा: मोठ्या शहराच्या खेपा. जे गावात मिळत नाही ते आणायला जावं लागतं, आणि ते कधीच एकट्या तिकिटाचं काम नसतं. इथं मिरजेसारखा अपवाद आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय काढलं आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या तिथं डॉक्टर साठत गेले, इतके की उत्तर कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात. त्यामुळं आमच्या पट्ट्यात आजारपणाला मुंबई गाठायची वेळ तुलनेनं कमी. पण कोर्टाचं तसं नव्हतं. हायकोर्टात एखादं अपील असलं की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची माणसं रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी सीएसएमटीला तोंड धुऊन फोर्टात. दुपारी कळायचं, आज बोर्डावर आलं नाही. पुन्हा महालक्ष्मी. सावंतवाडीच्या माणसाची तर त्याहून वाईट गत. वकिलाची फी एकीकडं, आणि लॉज, जेवण, बुडालेली मजुरी एकीकडं. बांधाच्या भांडणात बांधाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे रेल्वेनं खाल्लेली घरं माझ्या माहितीत आहेत. हाही कोल्हापुरात राहण्याचाच खर्च होता, पण तो व्हायचा मुंबईत, म्हणून कुठल्या खात्यावर पडला नाही.

चाळीसएक वर्षं मागणी लावून धरल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांसाठी. सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. उद्घाटनाला साखर वाटली, हलगी वाजली. आमच्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांचं अर्धं आयुष्य महालक्ष्मीच्या वरच्या बर्थवर गेलं. ते म्हणाले, "वैनी, आता पक्षकाराचे पैसे वाचणार बघा." वाचतातही. आजऱ्याहून आलेला माणूस आता संध्याकाळी दूध काढायच्या वेळेला घरी असतो.

तेच वकील परवा जागा शोधत होते. कोर्टापासून चालत जाता येईल असं छोटं ऑफिस. मुंबईहून, पुण्याहूनही वकील येऊन बघतायत म्हणे. आमच्या चुलत दिरांची त्याच भागात तळमजल्यावर एक खोली आहे, आजवर सायकली आणि गणपतीची मखर ठेवायची. मी विचारायला गेले तर आत प्लायवूडचं पार्टिशन उभं राहत होतं. एका खोलीची दोन ऑफिसं. सुतार माप घेत होता. भाडं विचारलं. भावोजींनी जो आकडा सांगितला तो ऐकून मी म्हटलं, "भावोजी, अहो, हे कोल्हापूर आहे."

"तेच म्हणतोय की वैनी," भावोजी म्हणाले, "पुण्याच्या मानानं काहीच नाही."